अडॉल्फ केतले

लांबेर अडॉल्फ जॅक केतले (२२ फेब्रुवारी १७९६, गेंट – १७ फेब्रुवारी १८७४, ब्रुसेल्स) हे बेल्जियन गणितज्ञ, खगोलशास्त्रज्ञ, हवामानशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. ब्रुसेल्सच्या वेधशाळेचे ते संस्थापक व पहिले संचालक. जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे, उंची, वजन अशा मानवी जीवनातील गोष्टींना संभाव्यताशास्त्राची पद्धत लावणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ‘सरासरी माणूस’ ही संकल्पना त्यांनी मांडली. प्रौढ माणसाचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षण त्यांनी १८३२ मध्ये नोंदवले. त्यावर आधारलेला केतले निर्देशांक आज बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय या नावाने जगभर वापरला जातो.

केतले वैद्य नव्हते आणि लठ्ठपणा हा त्यांच्या अभ्यासाचा विषयही नव्हता. मोठ्या लोकसमूहाचे वर्णन करण्यासाठी त्यांनी शोधलेले हे गुणोत्तर त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास शंभर वर्षांनी एकेका रुग्णाच्या केसपेपरवर आले. स्थूल व्यक्तीला औषधाची मात्रा किती द्यावी, हा आधुनिक औषधशास्त्रातील अवघड प्रश्न त्या गुणोत्तराच्या मर्यादा स्पष्टपणे दाखवतो.

प्रारंभिक जीवन

केतले यांचा जन्म झाला तेव्हा गेंट शहर फ्रान्सच्या ताब्यात होते. वडील फ्रान्सच्या पिकार्दी प्रांतातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. अडॉल्फ सात वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. घरची स्थिती बेताची असल्याने शिक्षण संपताच त्यांना शिक्षकाची नोकरी धरावी लागली. तरुणपणी त्यांचा ओढा गणितापेक्षा कलेकडे अधिक होता. ते चित्रे काढत, कविता लिहीत. मित्र जेर्मिनाल दांदेलँ यांच्यासह त्यांनी एका संगीतिकेची संहिताही लिहिली. हे दांदेलँ पुढे शंकूच्छेदांच्या भूमितीमुळे प्रसिद्ध झाले. केतले यांची ही कलादृष्टी नंतरही सुटली नाही. मानवी शरीराच्या प्रमाणबद्धतेविषयी चित्रकार आणि शिल्पकार काय मानत आले, याचा मागोवा त्यांनी आपल्या शास्त्रीय ग्रंथांतही घेतला आहे.

१८१७ मध्ये स्थापन झालेल्या गेंट विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट १८१९ मध्ये केतले यांना मिळाली. प्रबंधाचा विषय शंकूच्छेदांशी संबंधित होता. त्याच वर्षी ते ब्रुसेल्सच्या अथेनियम या संस्थेत गणिताचे अध्यापक झाले आणि १८२० मध्ये तेथील विज्ञान अकादमीचे सदस्य म्हणून निवडले गेले. सुलभ भाषेत विज्ञान समजावून देणारे वक्ते म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांच्या सार्वजनिक व्याख्यानांना शहरातील सर्व थरांतील लोक येत.

पॅरिस आणि वेधशाळा

ब्रुसेल्समध्ये वेधशाळा असावी असा आग्रह केतले यांनी सरकारकडे धरला. स्वतःला खगोलशास्त्राचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता, म्हणून १८२३ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले. तेथील वेधशाळेत अरागो आणि बुव्हार यांच्याकडून उपकरणे व निरीक्षणपद्धती शिकले. लाप्लास, फूरिये व प्वासाँ यांनी संभाव्यताशास्त्रात केलेल्या कामाशीही त्यांची ओळख याच वास्तव्यात झाली. गेले होते दुर्बिणी पाहायला. परतताना आयुष्यभर पुरेल असा दुसराच विषय सोबत आला.

त्या काळातील खगोलशास्त्रज्ञांपुढे एक व्यावहारिक अडचण असे. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा किंचित वेगळे आकडे मिळत. यांपैकी खरा कोणता? यावर उत्तर होते सरासरीचे. लहान चुका वारंवार होतात, मोठ्या क्वचित होतात आणि त्या खऱ्या स्थानाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच विखुरतात. आलेख काढल्यास त्याला घंटेचा आकार येतो. केतले यांनी हीच पद्धत ताऱ्यांवरून माणसांवर आणली. मात्र ताऱ्याचे खरे स्थान एकच असते, माणसांचे तसे नसते. हा फरक पुढे त्यांच्या टीकाकारांनी नेमका पकडला.

वेधशाळेला १८२६ मध्ये मंजुरी मिळाली आणि १८२८ मध्ये केतले तिचे संचालक झाले. १८३० च्या क्रांतीमुळे बांधकाम रखडले. बेल्जियम नेदरलँड्सपासून वेगळा होऊन स्वतंत्र राष्ट्र बनला आणि १८३२ मध्ये केतले वेधशाळेत राहायला गेले. मृत्यूपर्यंत तेच त्यांचे घर होते.

जनगणना आणि एक माघार

नेदरलँड्सच्या राज्यातील संख्याशास्त्रीय कार्यालयासाठी केतले १८२६ पासून काम करू लागले. देशाची लोकसंख्या काढण्यासाठी प्रत्येक घर मोजण्याऐवजी काही निवडक भाग मोजावेत आणि तेथील जन्मांच्या प्रमाणावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधावा, ही लाप्लास यांची पद्धत वापरण्याचा त्यांचा विचार होता. बॅरन द केव्हरबर्ग या अधिकाऱ्याने त्यावर आक्षेप घेतला. शहर आणि खेडे, सखल प्रदेश आणि डोंगराळ प्रदेश, सधन आणि गरीब वस्ती यांतील जन्ममृत्यूचे प्रमाण इतके भिन्न असते की काही ठिकाणांवरून इतर ठिकाणांविषयी बोलणे धोक्याचे आहे, असा त्या आक्षेपाचा आशय होता. केतले यांनी तो मान्य केला आणि ते संपूर्ण जनगणनेचे पुरस्कर्ते बनले. १८४६ ची बेल्जियमची जनगणना त्यांच्या देखरेखीखाली झाली आणि पुढे इतर देशांनी ती नमुना म्हणून वापरली.

एका समूहाचे मोजमाप दुसऱ्या समूहाला लावताना काय बिघडू शकते, हे केतले यांना तिशीतच कळले होते. त्यांच्या निर्देशांकाच्या नंतरच्या इतिहासात नेमका हाच मुद्दा पुन्हा उपस्थित झाला.

सरासरी माणूस

१८३५ मध्ये केतले यांचा ‘मनुष्य आणि त्याच्या शक्तींचा विकास’ या विषयावरील ग्रंथ पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात त्यांनी ‘सामाजिक भौतिकी’ हा शब्दप्रयोग केला होता. १८४२ मध्ये एडिंबरोहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. या ग्रंथात त्यांनी सरासरी माणसाची कल्पना मांडली. एखाद्या राष्ट्रातील सर्वांची उंची, वजन, ताकद, आयुर्मान, इतकेच नव्हे तर विवाहाची आणि गुन्ह्याची प्रवृत्ती यांची सरासरी काढली, तर त्या राष्ट्राचे जणू गुरुत्वमध्य असलेले एक काल्पनिक व्यक्तिमत्त्व मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रान्समधील न्यायालयांची आकडेवारी तपासताना गुन्ह्यांची संख्या, त्यांचे प्रकार आणि वापरलेली हत्यारेदेखील वर्षानुवर्षे जवळपास सारखीच राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यामुळे गुन्ह्याची जबाबदारी काही अंशी समाजाच्या रचनेवरही येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. समकालीनांना तो फारसा रुचला नाही. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला तो बाधक आहे, अशी टीका झाली.

१८४६ मध्ये सॅक्स-कोबुर्ग आणि गोथाच्या ड्यूकला उद्देशून लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्यांनी संभाव्यताशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ड्यूक आणि त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे पुढे राणी व्हिक्टोरियाचे पती झालेले प्रिन्स अल्बर्ट, दोघेही केतले यांचे विद्यार्थी होते. स्कॉटलंडच्या पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या छातीच्या घेराची मोजमापे या ग्रंथात आहेत. ती सुमारे ४० इंचांच्या सरासरीभोवती घंटाकृती वक्रात विखुरलेली त्यांना आढळली. फ्रान्समधील एक लाख भरतीच्या तरुणांची उंची तपासताना मात्र वक्र एका ठिकाणी बिघडलेला दिसला. सैन्यासाठी किमान उंची १.५७ मीटर होती. त्या रेषेच्या लगेच खाली अपेक्षेपेक्षा सुमारे दोन हजार माणसे जास्त होती आणि लगेच वर तितकीच कमी. उंची चोरून भरती चुकवणारे तरुण कागदावरच्या आकड्यांतून असे उघडे पडले. आकडेवारीतील लबाडी पकडण्याचे हे एक जुने आणि आजही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले जाणारे उदाहरण आहे.

या ग्रंथावर जॉन हर्शेल यांनी १८५० मध्ये लिहिलेले परीक्षण तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या वाचनात आले. वायूच्या रेणूंच्या वेगांचा मॅक्सवेल यांचा सिद्धांत या परीक्षणाचा ऋणी असल्याचे विज्ञानाचे इतिहासकार मानतात.

वजन आणि उंचीचा नियम

माणसाच्या वाढीवर केतले यांनी १८३१ आणि १८३२ मध्ये दोन निबंध लिहिले. त्यांसाठी त्यांनी ब्रुसेल्समधील अनाथ अर्भकगृहातील नवजात बालकांपासून शाळकरी मुले, कामगार आणि वृद्धांपर्यंत निरनिराळ्या वयोगटांतील व्यक्तींची मोजमापे गोळा केली. लहान मुलांचे वजन वयाप्रमाणे नेमके कसे वाढते, याच्या पद्धतशीर नोंदी त्या काळी दुर्मीळ होत्या.

एखादी वस्तू सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात मोठी झाली, तर तिचे वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले पाहिजे. दुप्पट उंचीच्या पुतळ्याला आठपट धातू लागतो. माणसाच्या बाबतीत तसे होत नाही, असे केतले यांना दिसले. उंच माणूस बुटक्या माणसाची सर्व बाजूंनी फुगवलेली प्रतिकृती नसतो; उंचीच्या मानाने त्याची रुंदी कमी वाढते. म्हणून पूर्ण वाढ झालेल्या माणसांची वजने उंचीच्या वर्गाशी जवळपास प्रमाणात असतात, असे त्यांनी लिहिले. वाढत्या वयातील मुलांसाठी त्यांनी वेगळा नियम सांगितला. त्यांच्या वजनाचे वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हा दुसरा नियम आज कोणाच्या फारसा स्मरणात नाही.

या निबंधांत कोठेही लठ्ठपणाची व्याख्या नाही किंवा कोणत्या आकड्यापुढे माणूस रोगी समजावा, अशी मर्यादाही नाही. न्यायवैद्यकात आणि लोकसंख्येच्या अभ्यासात या तक्त्यांचा उपयोग होईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

टीका

सरासरी माणसाच्या कल्पनेवर सर्वांत मर्मभेदी आक्षेप फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ओग्युस्तँ कुर्नो यांनी १८४३ मध्ये घेतला, आणि तोही शाळकरी भूमितीतून. पुष्कळ निरनिराळे काटकोन त्रिकोण घ्या, त्यांच्या तिन्ही बाजूंची स्वतंत्र सरासरी काढा आणि त्या सरासरी बाजूंचा एक त्रिकोण बनवा. तो सहसा काटकोन त्रिकोण होणार नाही. त्याचप्रमाणे सरासरी उंची, सरासरी वजन, सरासरी फुप्फुसे आणि सरासरी हृदय एकत्र जोडले तर निर्माण होणारा देह जगूच शकेल याची खात्री देता येत नाही. शरीराचे भाग परस्परांना धरून असतात; सरासरी हे नाते तोडते. केतले यांनी या आक्षेपाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला, परंतु ते उत्तर आक्षेपाइतके टिकले नाही.

संस्थात्मक कार्य व अखेरचा काळ

केतले यांचे संघटनकौशल्य त्यांच्या गणितापेक्षा काकणभर सरसच होते. लंडनची संख्याशास्त्रीय सोसायटी १८३४ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागे त्यांची प्रेरणा होती. त्याच वर्षापासून मृत्यूपर्यंत ते ब्रुसेल्सच्या अकादमीचे स्थायी सचिव होते. १८५३ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद ब्रुसेल्समध्ये भरली. समुद्रावरील हवामानाच्या नोंदी सर्व देशांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात यासाठी त्याच वर्षी तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांना गुरुस्थानी मानत. १८६० च्या लंडन परिषदेत दोघांची भेट झाली होती.

१८५५ मध्ये केतले यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते उठले, पण स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही. वेधशाळेचे बरेचसे काम मुलगा एर्नेस्ट याने सांभाळले. तरीही मानवी शरीराच्या मोजमापांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८७० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. १८७४ मध्ये ब्रुसेल्स येथे त्यांचे निधन झाले.

केतले निर्देशांक ते बीएमआय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांनी उंचीनुसार ‘आदर्श वजनाचे’ तक्ते तयार केले. विमेदारांपैकी कोणत्या वजनाचे लोक अधिक जगतात, यावर ते आधारलेले होते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांना हे तक्ते शास्त्रीयदृष्ट्या ढिसाळ वाटत. १८३२ च्या नियमाकडे वैद्यकाचे लक्ष पुन्हा वळले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनी सहकाऱ्यांसह पाच देशांतील सात हजारांहून अधिक निरोगी पुरुषांची मोजमापे तपासली, उंची-वजनाची वेगवेगळी गुणोत्तरे त्वचेखालील चरबीच्या जाडीशी ताडून पाहिली आणि केतले यांचे गुणोत्तर त्यांतल्या त्यात बरे ठरवले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव मिळाले. अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता मानली जाते. वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी एवढ्या साधनांवर तो निघत असल्याने लोकसंख्येच्या पाहण्यांसाठी तो अत्यंत सोयीचा आहे. व्यक्तीच्या बाबतीत मात्र तो चरबी, स्नायू आणि हाडे यांत फरक करू शकत नाही. कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळणारा पैलवान आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा तेवढ्याच उंची-वजनाचा व्यापारी, दोघांचा बीएमआय एकच येतो.

औषधाची मात्रा आणि स्थूल शरीर

हा फरक औषधाची मात्रा ठरवताना निर्णायक ठरतो. शरीरात गेलेल्या औषधाविषयी वैद्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, ते शरीरात किती जागेत पसरते. दुसरी, यकृत आणि मूत्रपिंडे ते किती वेगाने नाहीसे करतात. या वेगाला औषधशास्त्रात क्लिअरन्स म्हणतात. औषध लगेच परिणामकारक पातळीवर नेण्यासाठी पहिली मात्रा किती द्यायची, हे पहिल्या गोष्टीवर अवलंबून असते. ती पातळी टिकवण्यासाठी पुढे किती देत राहायचे, हे क्लिअरन्स ठरवतो.

स्थूलतेत या दोन्ही गोष्टी बदलतात, पण सारख्या प्रमाणात नाहीत. डायझेपामसारखे चरबीत सहज विरघळणारे औषध स्थूल शरीरात दूरवर पसरते, चरबीत साठून राहते आणि बंद केल्यावरही बराच काळ हळूहळू रक्तात उतरत राहते. जेंटामायसिनसारखे पाण्यात विरघळणारे प्रतिजैविक चरबीत फारसे शिरत नाही. चरबीच्या ऊतींतही थोडे पाणी असते, त्यामुळे त्याला मिळणारी जागा वाढते, मात्र वजनाच्या मानाने कमी. क्लिअरन्सचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. स्थूल व्यक्तीची मूत्रपिंडे सुरुवातीला नेहमीपेक्षा अधिक रक्त गाळतात. मधुमेह वा रक्तदाबाने ती खराब झाली की उलट होते. यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांपैकी काहींचे काम वाढते, काहींचे घटते. एकूण पाहता स्थूल व्यक्तीचा क्लिअरन्स सडपातळ व्यक्तीपेक्षा सहसा जास्त असतो, पण दर किलो वजनामागे तो कमी भरतो. वाढलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा असतो आणि औषध मोडण्याच्या कामात चरबीचा हातभार अल्प असतो.

एक उदाहरण घेऊ. १७० सेंटिमीटर उंचीचे दोन पुरुष आहेत. एकाचे वजन ६६ किलो, दुसऱ्याचे १२० किलो. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या १.८ पट आहे. चरबी वगळून उरणाऱ्या देहभाराचा अंदाज देणारे एक सूत्र २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यानुसार पहिल्याचा चरबीविरहित भार सुमारे ५३ किलो आणि दुसऱ्याचा सुमारे ७१ किलो येतो, म्हणजे जेमतेम १.३५ पट. क्लिअरन्स या भाराच्या प्रमाणात वाढतो असे धरले आणि औषध मात्र काट्यावरच्या वजनानुसार देत राहिले, तर दुसऱ्या रुग्णाच्या रक्तातील पातळी पहिल्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने जास्त राहील. उलट दोघांना एकच ठरावीक मात्रा दिली तर दुसऱ्याला औषध कमी पडेल.

दोन्ही चुकांची किंमत मोठी असते. भुलीची आणि तीव्र वेदनाशामक औषधे जास्त झाली तर श्वास मंदावतो, आणि स्थूल रुग्णांत झोपेत श्वास अडकण्याचा विकार आधीच अधिक आढळतो. जेंटामायसिन जास्त झाले तर मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती धोक्यात येते. दुसरीकडे, कर्करोगावरील औषधे विषारी असल्याने स्थूल रुग्णांना ती हात राखून देण्याची पद्धत बराच काळ रूढ होती. त्यामुळे उपचार अपुरे पडतात हे दिसून आल्यावर अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१२ मध्ये प्रत्यक्ष वजनावर आधारित पूर्ण मात्रा देण्याची शिफारस केली. शस्त्रक्रियेपूर्वी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिनची प्रौढांसाठीची नेहमीची २ ग्रॅमची मात्रा १२० किलो व त्यावरील रुग्णांसाठी ३ ग्रॅम करण्यात आली, त्यामागेही हेच कारण आहे.

एकच एक वजन सर्व औषधांना चालत नाही, हे यातून स्पष्ट झाले. १९७४ मध्ये जेंटामायसिनविषयीच्या एका लेखात डिव्हाइन यांनी उंचीवरून ‘आदर्श वजन’ काढण्याचे सूत्र दिले. पुरुषांसाठी पाच फुटांना ५० किलो आणि त्यावरील प्रत्येक इंचाला २.३ किलो, स्त्रियांसाठी सुरुवात ४५.५ किलोंपासून. पुढे या आदर्श वजनात जादा वजनाचा ४० टक्के भाग मिळवून ‘समायोजित वजन’ वापरले जाऊ लागले. वरील १२० किलोच्या रुग्णाचे आदर्श वजन ६६ किलो आणि समायोजित वजन सुमारे ८८ किलो होते. भूलतज्ज्ञ तर एकाच शस्त्रक्रियेत वेगवेगळी वजने वापरतात. प्रोपोफॉलने भूल चढवताना चरबीविरहित भार पाहिला जातो, ती चालू ठेवताना एकूण वजन विचारात घेतात, आणि सक्सिनिलकोलिन या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची मात्रा एकूण वजनावर ठरते. कर्करोगाच्या औषधांसाठी वापरले जाणारे शरीराच्या पृष्ठफळाचे सूत्र द्यु ब्वा यांनी १९१६ मध्ये अवघ्या नऊ व्यक्तींच्या मोजमापांवरून बसवले होते. केव्हरबर्ग यांचा आक्षेप येथे हटकून आठवतो.

बीएमआय स्वतः मात्रा सांगत नाही. तो रुग्णाला एका गटात बसवतो आणि नेहमीच्या मात्रेचा फेरविचार हवा, एवढी सूचना देतो. तथापि २००५ चे चरबीविरहित भाराचे सूत्र उघडून पाहिले तर त्याच्या छेदस्थानी बीएमआय बसलेला आढळतो, तोही स्त्री आणि पुरुष यांना वेगवेगळ्या गुणकांसह. केतले यांच्या वर्गाच्या नियमाला व्यक्तीच्या औषधोपचारात जे स्थान मिळाले, ते असे दुसऱ्या सूत्राच्या पोटात.

महाराष्ट्रातील अभ्यास

शरीरमापनाची परंपरा महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये रुजली. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील विविध समाजांच्या मोजमापांवर लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये तेथून प्रसिद्ध झाला. एका प्रदेशातही देहाची प्रमाणे समाजागणिक कशी बदलतात, हा त्या अभ्यासाचा विषय होता.

केतले निर्देशांकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे पोट, स्नायू आणि वजन यांत बरीच मागे होती, परंतु पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्यांनी तुलनेने राखलेली होती. दिसायला रोड पण चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही देहरचना जन्मापासूनच आढळते. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह दिले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता धरावी, असे एकमताने ठरवले. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, हेही त्यात आले. परिणामी ठाणे किंवा डोंबिवलीतील दवाखान्यात २६ बीएमआय असलेली व्यक्ती स्थूल गणली जाते, तर तीच व्यक्ती लंडनमध्ये जागतिक वर्गवारीनुसार केवळ अतिवजनाच्या गटात मोडते.

मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका ओळखण्यासाठी हे टप्पे बदलले. औषधांच्या मात्रांची सूत्रे मात्र प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील शरीरांच्या मोजमापांवर उभी आहेत. त्याच उंची-वजनाच्या भारतीय शरीरात चरबी अधिक असेल तर उरलेला भार कमी असणार आणि सूत्राने काढलेला अंदाज वास्तवापेक्षा चढा येऊ शकतो. अशा रुग्णात जेंटामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिनसारख्या औषधांची रक्तातील पातळी प्रत्यक्ष मोजून मात्रा बदलणे, हा सूत्रापेक्षा भरवशाचा मार्ग आहे. पण ही तपासणी सर्वत्र उपलब्ध नसते.

स्मृती

ब्रुसेल्समध्ये अकादमीच्या प्रासादाजवळ केतले यांचा पुतळा आहे. १२३९ क्वेतेलेता या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांनी उभारलेली वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील धूर आणि दिव्यांपासून दूर उक्ल या उपनगरात हलवण्यात आली.